रिकाम्या बसची बातमी

मागच्या आठवड्यात रात्री मुंबईहून येणाऱ्या गाडीने जालना स्टेशनवर उतरलो. माझ्या पुढे एक बाई होत्या. कडेवर झोपलेलं लेकरू, हातात बॅग, शिवाय एक पिशवी. बाहेर येऊन त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "चंदनझिऱ्याला किती घ्याल?" त्याने आकडा सांगितला. बाईंनी दुसऱ्याला विचारलं, त्यानेही तोच सांगितला. मग त्यांनी बॅग खाली ठेवली, फोन काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, गाडी घेऊन ये रे. रिक्षावाले लई मागायलेत."

रिक्षावाल्यावर माझा राग नाही. रात्रीच्या वेळी परतीचं भाडं मिळायची खात्री नसते, त्यालाही घर आहे. पण त्या बाईंचा भाऊ येईपर्यंत मी चहाच्या टपरीवर उभा होतो आणि डोक्यात एकच विचार. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत गेली. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. नगरपालिकेची महापालिका झाली. मुंबई जवळ आली हो, चंदनझिरा मात्र होता तिथेच राहिला.

शहर बसचा विषय आपल्याकडे चहाच्या टेबलावर निघाला की दोन मिनिटांत मिटतो. कोणीतरी म्हणतं, "तोट्यात जाणार." दुसरा म्हणतो, "संभाजीनगरचं काय झालं बघा." तिसरा मोबाइलमधला रिकाम्या बसचा फोटो दाखवतो. झाला विषय बंद.

या रिकाम्या बसबद्दल मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. वीसेक वर्षं झाली, आजवर कुठे लिहिलेली नाही.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. रोज काहीतरी 'एक्स्क्लुझिव्ह' द्यायचं भूत डोक्यात. एका गावाकडे जाणारी बस सकाळी सहाला स्टँडवरून जवळजवळ रिकामी सुटते, असं कोणीतरी सांगितलं. मी सलग चार दिवस पहाटे जाऊन उभा राहिलो. तीन प्रवासी, दोन प्रवासी, चार, परत तीन. संध्याकाळी सातनंतर तीच बस त्या गावाहून परत यायची, तेव्हाही जाऊन मोजले. तसाच आकडा. मग झकास बातमी लिहिली. डिझेल जळतंय, जनतेचा पैसा वाया जातोय, जबाबदार कोण, वगैरे. सोबत रिकाम्या सीटांचा फोटो. संपादकांनी पाठ थोपटली. नातेवाइकांनी कात्रण जपून ठेवलं.

दोनेक महिन्यांत ती फेरी बंद झाली. माझ्या बातमीमुळेच झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारणं आणखीही असतील. पण बंद करायची असेल तर हाताशी कात्रण तयार होतं, आणि त्यावर माझं नाव होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावात टँकरच्या बातमीसाठी गेलो. शाळेतले एक सर पाणी प्यायला घरी घेऊन गेले. बोलता बोलता म्हणाले, "पाण्याचं तर हाय्येच, पण आमची सकाळची बस बंद झाली अन् पोरी घरी बसल्या. नऊ जणी अकरावी-बारावीला शहरात जायच्या. आता तिघीच जातात. एकीचा मामा तिथं राहतो, दोघींच्या वडलांकडं मोटरसायकल हाय. बाकीच्यांना जीपमध्ये लोंबकळत कोण पाठवणार? दोघींची तर लग्नंच उरकली या उन्हाळ्यात."

मी विचारलं, "पण सर, ती बस तर रिकामीच जायची ना?"

सर म्हणाले, "इकडं येताना रिकामीच येणार की! सकाळी सहाला शहरातून आमच्या गावाला कोण येईल? पण इथून सातला निघताना उभं राहायला जागा नसायची. संध्याकाळी पाचला तिकडून भरून यायची, पोरं सोडून परत जायची. परत जाताना कोण बसणार तिच्यात?"

मी पाणी प्यालो आणि गप्प बसलो. ती बातमी माझी होती हे सरांना सांगायची हिंमत झाली नाही. चार दिवस मी बसचं फक्त रिकामं तोंड मोजलं होतं. एकदाही तिच्यात बसून गावापर्यंत गेलो नव्हतो. तिकीट काढून गेलो असतो तर दीड तासात सगळं कळलं असतं.

तेव्हापासून कोणी रिकाम्या बसचा फोटो दाखवला की मी विचारतो, कितीची आहे ही? कोणत्या दिशेला चाललीय? येताना काय होतं? सकाळी शाळेच्या वेळेला सगळं शहर एका दिशेला जातं आणि संध्याकाळी उलट्या. एक बाजू भरून आणायची तर दुसऱ्या बाजूने रिकामं जावंच लागतं. बाजाराला माल घेऊन गेलेला टेम्पो रिकामा परत आला म्हणून आपण त्याला तोट्यात काढत नाही. दोन्ही फेऱ्यांचा हिशोब एकत्र करतो. बसच्या बाबतीत मात्र अर्धाच हिशोब करतो.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या महापालिकेने शहर बससाठी स्वतःच्या तिजोरीतून दरवर्षी पैसा द्यावा का?

आधी थोडा इतिहास, कारण "सरकारने बस कशाला चालवायची" असंही काही जण म्हणतात. आपल्या भागात हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वीच सुटला. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बस घेऊन स्वतःचा रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला. म्हणजे आपण जिला लालपरी म्हणतो तिच्याही आधी हैदराबाद संस्थानात सरकारी बस होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे आपण सगळे एकाच एसटीचे प्रवासी झालो. तेव्हा बस ही सरकारने चालवायची गोष्ट आहे, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी समजावून सांगायला लागलं नव्हतं.

मग तोटा. एसटीचा तोटा आहेच. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये श्वेतपत्रिका काढली, त्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर आहे. आकडा ऐकून छाती दडपते. पण याच एसटीच्या तिकिटामागे वर्षानुवर्षं साडेसतरा टक्के प्रवासी कर राज्याच्या तिजोरीत गेला, हेही त्याच वहीत लिहायला पाहिजे. दर काही महिन्यांनी पगार अडकला की सरकार पैसे देतं, आणि ते पैसे "मदत" म्हणून बातमीत येतात. आम्हीच तसं लिहितो.

शहर बसचंही तेच आहे. महाराष्ट्रात शहर बस नुसत्या तिकिटावर चालवणं कुणालाच झेपलेलं नाही. पुण्यात पीएमपीएमएलची तूट पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका चाळीस टक्के भरते. मुंबईत बेस्टला महापालिका हजारो कोटी देत आली. नाशिकमध्ये एसटीने शहर वाहतुकीतून अंग काढल्यावर महापालिकेने जुलै २०२१ मध्ये सिटीलिंक सुरू केली. तिथे ठेकेदाराला प्रति किलोमीटर पैसे मिळतात आणि तिकिटाचे पैसे महापालिकेकडे येतात, मधली तूट महापालिकेची. लातूरने तर शहर बसमध्ये महिलांना मोफत प्रवास दिला. लातूर काही मुंबई नाही, आपल्यासारखंच मराठवाड्यातलं, पाण्यासाठी रेल्वे बघितलेलं शहर आहे.

आता शेजारच्या संभाजीनगरचं. तिथली बस जानेवारी २०१९ मध्ये स्मार्ट सिटीच्या पैशातून सुरू झाली. नियोजन शंभर बसचं, ड्रायव्हर-कंडक्टर सुरुवातीला एसटीचे. मग लॉकडाऊन आला, त्यामागे एसटीचा लांबलेला संप आला. आणि ३१ मार्च २०२५ ला केंद्राचं स्मार्ट सिटी मिशनच संपलं. मिशन संपलं तरी बस रोज सकाळी सुटावी लागते, तिला डिझेल लागतं, टायर लागतात, ड्रायव्हरला पगार लागतो. आज तिथे चाललेली ओढाताण हीच आहे की हा रोजचा खर्च कायमचा कोणाच्या अंगावर.

"संभाजीनगरचं बघा" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की बघाच. तिथून शिकण्यासारखं हे आहे की बस घ्यायला पैसा मिळतो. फीत कापता येते, फोटो निघतो. बस चालवायला पैसा कोण देणार हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर आणावं लागतं. सोलापुरात केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून बस आल्या, पुढे त्यांच्या चासीला तडे गेले आणि कितीतरी बस डेपोत उभ्या राहिल्या. आयत्या आलेल्या बसच्या भरवशावर शहर चालत नाही.

आपल्याला तर आयत्या बससुद्धा सहज मिळायच्या नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली, दहा हजार ई-बसची. त्यात नुसती बस नाही, दहा वर्षं चालवण्यासाठीही मदत आहे. म्हणजे दुखणं केंद्रालाही कळलं आहे. पण सर्वसाधारण अट अशी की २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाख किंवा त्याहून जास्त पाहिजे. २०११ ला जालन्याची लोकसंख्या होती २ लाख ८५ हजार ५७७. चौदा हजार चारशे तेवीस माणसं कमी पडली! त्यानंतर शहर किती पसरलं ते आपल्याला दिसतंय. नवी जनगणना होऊन आकडे येईपर्यंत कागदावर आपण लहानच.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या नव्या नगरसेवकांनी वाचून ठेवावी. महापालिका अधिनियमात कामांचे दोन भाग आहेत. पाणी, गटार, दिवाबत्ती, साफसफाई ही बंधनकारक कामं. प्रवासी वाहतूक ऐच्छिक कामांत येते. म्हणजे महापालिकेने बस चालवली नाही तर कायदा कोणाला विचारत नाही. विचारायचं असेल तर ते आपणच. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. माझ्या दारावर जे जे मत मागायला आले त्यांच्यापैकी एकानेही बसचा शब्द काढला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

आता पैशाचं. एक कच्चा हिशोब मांडतो. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पद्धत कळावी म्हणून. समजा वीस बस, प्रत्येक बस दिवसाला दीडशे किलोमीटर. वर्षाला होतात १० लाख ९५ हजार किलोमीटर. समजा तिकिटाचे पैसे वजा जाऊन प्रत्येक किलोमीटरला चाळीस रुपये तूट आली. वर्षाला ४ कोटी ३८ लाख. तीन लाख माणसांत वाटले तर माणशी वर्षाला दीडशे रुपयांच्या आत. तूट दुप्पट धरली तरी तीनशेच्या आत.

दुसऱ्या बाजूला एक धुणीभांडी करणारी बाई धरा, किंवा दुकानात कामाला असलेली पोरगी. शेअर रिक्षाला येता-जाता चाळीस रुपये धरू. महिन्याला सव्वीस दिवस. एक हजार चाळीस रुपये. सात-आठ हजार पगारातले. हा तोटा आजही चालूच आहे, फक्त तो कुठल्या अंदाजपत्रकात छापून येत नाही. तिच्या घरातल्या डब्यातून जातो. एमआयडीसीत रोलिंग मिलवर रात्रपाळी सुटलेला कामगार पायी घरी येतो तोही त्याचाच भाग. म्हाताऱ्या माणसाने दवाखान्याची तारीख चुकवली तर तोही.

आता उलटी बाजू, कारण ती खोटी नाही.

"आधी पाणी द्या, मग बस." बरोबर आहे. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही आणि ज्या घरात ड्रम भरायची घाई असते तिथे बसच्या गप्पा कोण ऐकेल? पाण्याचा पैसा काढून बसला द्या असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यावर, दुभाजकावर, चौकाच्या सुशोभीकरणावर होतो त्या खर्चात बसला जागा आहे का, हे विचारायला काय हरकत आहे? नाहीतरी तो रस्ता सगळ्यात जास्त वापरतो कोण? ज्याच्याकडे गाडी आहे तो.

"रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल." ही भीती खरी आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून रिक्षा संघटनांना सोबत घ्यायला हवं. बस मोठ्या रस्त्याने जाईल, गल्लीत रिक्षाच जाणार. थांब्यापासून घरापर्यंतचं भाडं ठरवून दिलं तर त्यांनाही काम राहील. सगळ्यांचं नुकसान होणारच नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

"ठेकेदार खाऊन जाईल." जाऊ शकतो. किलोमीटरवर पैसे मिळाले की बस भरली काय, रिकामी काय, त्याला सारखंच. नाशिकमध्ये पगार थकल्याने वाहकांनी पुन्हा पुन्हा काम बंद केलं ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणून पैसा देताना अट हवी. बस वेळेवर आली तर पैसे, फेरी चुकली तर कपात, आणि कामगारांचा पगार आधी. जीपीएस प्रत्येक बसमध्ये असतं, त्यामुळे फेरी झाली की नाही हे कळायला आता माझ्यासारखा पत्रकार पहाटे उभा करायची गरज नाही.

मला वाटतं, आपलं सगळं बोलणं तिकिटावर अडकलं आहे. कोणाला अर्धं, कोणाला मोफत. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. चांगलंच झालं, माझी आई त्या सवलतीवर दोनदा पंढरपूरला जाऊन आली. पण सवलत तिकिटाला असते. बस आलीच नाही तर पास घेऊन काय करायचं? त्या गावातल्या नऊ पोरींना तिकीट महाग पडत नव्हतं. त्यांना सातची बस पाहिजे होती, रोज, सातलाच. म्हणून सरकारी पैसा आधी फेरीसाठी द्यावा, तिकिटाचं नंतर बघावं.

माझं मागणं मोठं नाही. शंभर बस नकोत. चार मार्ग घ्या. स्टेशन, बसस्थानक, जिल्हा रुग्णालय, जिल्हाधिकारी कार्यालय, एमआयडीसी, चंदनझिरा, मंठा चौफुली, अंबड चौफुली यांना जोडणारे. बस कमी असू द्या, पण वेळ पक्की ठेवा. पहिली पाळीच्या आधी, शेवटची रात्रीच्या गाडीनंतर. थांब्यावर वेळापत्रक मराठी, हिंदी आणि उर्दूत लावा. महापालिका हवी तर एसटीशी करार करो, हवी तर ठेका देवो, पण अंदाजपत्रकात बसच्या नावाचं स्वतंत्र शीर्ष उघडा आणि निदान तीन वर्षांची तरतूद करा. सहा महिन्यांत "प्रतिसाद नाही" म्हणून बंद करू नका. आज आहे उद्या नाही अशा बसच्या भरवशावर कोणी मोटरसायकलचा हप्ता थांबवत नाही.

आणि तीन वर्षांनी हिशोब मांडा. जमलं नाही तर उघड सांगून बंद करा. मीच बातमी करीन.

तुमच्या भागातून सकाळी कामाला, शाळेला, दवाखान्याला किती जण आणि किती वाजता निघतात ते खाली लिहा. कोणत्या चौकात थांबतात, कितीला पोचावं लागतं, परत कधी येतात. शक्य असेल तर जाण्यायेण्याचा खर्चही. हे सगळं एकत्र करून मी महापालिकेत नेऊन देणार आहे. जाताना किती आणि येताना किती, दोन्ही लिहा. मागच्या वेळी मी एकच बाजू मोजली होती.